पेटीतला दस्त, भिंतीवरचा फोटो

फुलसावंगीतल्या एखाद्या जुन्या घरातली शेतीची कागदपत्रं काढून ओळीनं मांडली, तर एक गंमत दिसते. गावाचं नाव तेच, शेताच्या चतुःसीमा बहुतेक त्याच, पण गावाच्या नावापुढची ओळ दर पिढीला बदलत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दस्तात तालुका पुसद, जिल्हा वाशीम. 1905 नंतरच्या दस्तात तालुका तोच, जिल्हा मात्र यवतमाळ. प्रांत कधी वऱ्हाड, कधी मध्यप्रांत व वऱ्हाड. 1950 नंतर मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. फुलसावंगी आज ज्यात येते तो महागाव तालुका तर त्यानंतर वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख पुसदचाच. आजोबांनी गाव सोडलं नाही, नातवानंही सोडलं नाही, तरी दोघांचा जन्म वेगवेगळ्या राज्यांत झाला.

राज्याचा इतिहास म्हटला की आपण तो राजधानीत शोधतो: हैदराबादेत, नागपुरात, मुंबईत. माझं मत असं, की राज्य म्हणजे काय हे सरहद्दीवरच्या गावात जास्त कळतं, कारण तिथं ते रोजच्या वापरातल्या वस्तूंवर उमटलेलं असतं. फुलसावंगी ही तशी जागा आहे. तालुक्याच्या कडेनं पैनगंगा. नदीच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. आज ती दोन जिल्ह्यांमधली हद्द आहे. शंभर वर्षांपूर्वी ती दोन सत्तांमधली हद्द होती.

त्याचं मूळ 1853 च्या तहात आहे. निजामाच्या मुलखात इंग्रजांनी उभी केलेली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या खर्चानं पोसली जात होती. तो खर्च थकला, कर्ज चढलं आणि त्याच्या वसुलीसाठी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. 1902 साली लॉर्ड कर्झननं निजाम मीर महबूब अली खानांकडून तो सालीना 25 लाख रुपयांवर कायमचा पट्ट्यानं लिहून घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला. मालकी मात्र कागदावर निजामाचीच राहिली. म्हणून तर 1936 साली त्या वेळच्या निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, ‘वऱ्हाडचे राजपुत्र’ असा किताब मिळाला. फुलसावंगीच्या शेतकऱ्यानं सारा इंग्रजी तहसिलीत भरायचा आणि कायद्याच्या भाषेत जमीन मात्र हैदराबादच्या गादीची, अशी ही स्थिती जवळजवळ शतकभर टिकली.

जुना दस्त हातात आला की पहिली अडचण लिपीची येते. तो बहुधा मोडीत असतो. क्वचित वरच्या बाजूला फारसी मजकूर किंवा शिक्का. दुसरी अडचण सालाची. शके दिलेला असेल तर त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतो. शकवर्षाच्या अखेरच्या काही आठवड्यांसाठी 79. फसली साल असेल तर साधारण 590 मिळवायचे. फसली 1350 म्हणजे 1940-41. निजामाच्या मुलखात हे फसली साल सरकारी कामात अखेरपर्यंत चाललं. त्यामुळे नदीपलीकडच्या सोयऱ्यांचा कागद आणि अलीकडचा कागद एकाच दिवशी लिहिलेले असले, तरी साल वाचताना कोणालाही त्यांत शतकांचं अंतर वाटेल.

कागदांपेक्षा नाणी अधिक बोलकी. अलीकडे चालायचा कलदार रुपया, राणीच्या किंवा राजाच्या मुखवट्याचा. पलीकडे निजामाचा हाली शिक्का. विसाव्या शतकातल्या नाण्यांवर चारमिनार. दोन्ही रुपयेच, पण मोल एक नव्हे. साधारण सहा कलदारांना सात हाली असा भाव. पैनगंगा ओलांडून बैल विकायला जाणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ लागायचा, शिवाय हैदराबाद संस्थानचा जकातीचा, म्हणजे करोडगिरीचा नाका होता तो वेगळा. टपालही निराळं. निजामानं 1869 पासून स्वतःची तिकिटं काढली होती, ती संस्थानाबाहेर चालत नसत. 1 एप्रिल 1950 ला ते टपालखातं भारतीय टपालखात्यात विलीन झालं. हाली शिक्काही त्याच दशकात चलनातून गेला. जुन्या डब्यात चारमिनारचं नाणं आणि पंचम जॉर्जचं नाणं शेजारी शेजारी सापडलं, तर हे घर नदीच्या दोन्ही तीरांशी व्यवहार करत होतं, एवढं तरी नक्की म्हणता येतं. हीच सरहद्द 1947-48 मध्ये वेगळ्या कामाला आली. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी संस्थानाबाहेर, हद्दीला लागून तळ उभारले. त्यांतला एक उमरखेडला होता, महागावच्या शेजारच्याच तालुक्यात.

आता फोटोंकडे वळू. या राजवटींची छायाचित्रं भरपूर आहेत. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, म्हणजे युरोपात हे तंत्र जाहीर झाल्यावर पंधराच वर्षांनी. निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ होते. त्यांचे महाल, शिकारी, मेजवान्या आणि पलटणींचे फोटो आजही थक्क करतात. पण त्या फोटोंत पैनगंगेचं खोरं शोधून सापडायचं नाही. इथले लोक कॅमेऱ्यासमोर आले ते निराळ्या वाटेनं: जातीजमातींची नोंद करणाऱ्या सरकारी पुस्तकांतून.

1916 साली रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात बंजारा स्त्रियांचे फोटो आहेत. एका फोटोत डोक्यावर ‘सिंग’ दिसतं: अंबाड्यात उभी खोचलेली काडी, आणि तिच्यावरून खाली सोडलेली ओढणी. दुसरा फोटो बायकांच्या घोळक्याचा. कपडे, दागिने, उभं राहण्याची ढब, सगळं टिपलंय. नाव एकीचंही नाही. गाव नाही, तांडा नाही, कोणाची कोण हेही नाही. फोटोखाली जमात आणि वस्तू, इतकंच. बंजाऱ्यांवरच्या त्या प्रकरणाचा मुख्य आधारही पाहण्यासारखा आहे: वऱ्हाडच्या पोलीस खात्यातले अधिकारी कंबर्लेज यांनी 1869 च्या सुमाराला लिहिलेली बंजाऱ्यांवरची टिपणी. म्हणजे या मुलखातल्या सर्वांत मोठ्या समाजांपैकी एकाचं हे सविस्तर वर्णन लिहिलं ते पोलिसानं, आणि तेही गुन्हेगार जमातींचा 1871 चा कायदा येऊ घातलेला असताना. तो कायदा 1952 साली रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. पोलिसानं का लिहिलं, हा प्रश्न फोटो पाहतानाही मनात ठेवावा लागतो. 1876-78 च्या दुष्काळात मद्रासकडे हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं उपासमारीनं हाडं उरलेल्या माणसांना ओळीनं बसवून फोटो काढले, तेव्हा त्याच्यावर टीका झाली होती. कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर समोरच्या माणसाचं काय उरतं ते ठरतं.

तरीही मी ते फोटो टाकून द्या म्हणणार नाही. उलट ते तांड्यावर न्यावेत. अभिलेखागारातला निनावी फोटो आणि घरातली खरी वस्तू एकमेकांशेजारी ठेवली की दोन्ही बोलू लागतात.

फुलसावंगीच्या आसपास, सगळ्या पुसद-महागाव भागातच, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. जुन्या पिढीतल्या याडींच्या, म्हणजे आयांच्या पेटीत फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), छांटिया (ओढणी) असतात. दागिन्यांत घुगरी-टोपली, हांसली, हातातल्या बलिया असतात. फोटो काळापांढरा, त्यात कांचळीचा रंग कळत नाही, आरशाचे तुकडे नुसते पांढरे ठिपके दिसतात. पेटीतली कांचळी रंग सांगते, टाका सांगते. आणि तिच्यावर शिवलेली नाणी काळ सांगतात. पद्धत सोपी आहे: कपड्यावरच्या नाण्यांत जे सर्वांत अलीकडचं, त्याच्या सालाआधी तो कपडा या रूपात तयार झालेला नसतो. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज अशी राज्यांची उतरंड एका छातीवर दिसू शकते. धातूही पाहावा. 1940 पर्यंत रुपयात जवळजवळ 92 टक्के चांदी होती. महायुद्धात ती निम्म्यावर आली आणि युद्ध संपल्यावर निकेलचे रुपये आले. दागिना घडवणाऱ्या बाईला हा फरक वाजवून कळत असे, म्हणून जुने रुपये दागिन्यांत राहिले आणि नवे बाजारात गेले. कवड्यांचं मूळ तर आणखी दूरचं. मालदीवच्या समुद्रातून व्यापाराच्या वाटांनी त्या शतकानुशतकं इथवर आल्या. हस्तिदंती किंवा हाडाच्या बांगड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बलिया कधी आल्या, हे एका घरातल्या तीन पिढ्यांचे हात शेजारी ठेवले की समजतं.

कवडीवरून बैलांच्या तांड्यांकडे जावंच लागतं. मोगलांच्या फौजांना धान्य पुरवणारे भंगी आणि जंगी नाईक, त्यांचे 1,80,000 बैल, असा आकडा कंबर्लेज परंपरेतून देतो. आकडा अक्षरशः घेऊ नये, पण आवाका कळतो. दख्खनमधलं मीठ आणि धान्य या बैलांच्या पाठीवरून फिरत होतं. 1867 साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि पाठीवरच्या ओझ्याचा हा धंदा दोन-तीन दशकांत मोडला. तांडे थांबले, जमीन कसू लागले, मजुरीला लागले. बैलाच्या पाठीवर टाकायची गोणी, तिच्यावरचं भरतकाम, बैलाच्या कपाळाची कवड्यांची पट्टी, हे आता कोणी शोभेसाठी भिंतीवर लावतं. ती त्या काळची मालवाहतुकीची साधनं होती. पुसदला मात्र रेल्वे बराच काळ आली नाही. ज्या रेल्वेनं तांड्यांचा धंदा बुडवला तिची शिट्टी इथल्या माणसाला ऐकायला बडनेऱ्याला किंवा यवतमाळला जावं लागे. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड मार्गाचं काम आत्ता चालू आहे.

नदीच्या पलीकडच्या तीराची गोष्ट वेगळी घडली. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ 1939 साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा भारतात होता. पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी शत्रू. त्याला हैदराबाद संस्थानातच राहायची मुभा मिळाली. त्यानं आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलावाई गावी मुक्काम ठोकला, राजगोंड आणि कोलामांमध्ये राहून काम केलं आणि हजारो फोटो काढले. आजचा नांदेडमधला किनवट तालुका तेव्हा आदिलाबादेत होता, 1956 ला तो मराठवाड्यात आला. हे फोटो आता लंडनच्या सोआस या संस्थेत जपलेले आहेत. रसेलच्या फोटोंहून हे वेगळे, कारण काढणारा लोकांत राहत होता, त्यांची भाषा त्याला येत होती. चेहरा ओळखीच्या माणसाकडे पाहत असला की फोटोत फरक पडतोच. यवतमाळचे गोंड, कोलाम आणि पलीकडचे गोंड, कोलाम यांच्यात सोयरिकी आहेत. कारकुनांनी आखलेली हद्द त्यांच्या लग्नांनी कधी मानली नाही. तेव्हा हे लंडनमधले फोटो अलीकडच्या गावांनीही आपले म्हणून पाहायला हवेत.

आता घरात या. शेर, पायली, मण, खंडी ही मापं ज्यांनी वापरली ती माणसं अजून आहेत. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली, किलोग्रॅमची वजनं 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं. त्याआधी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं, आणि सावकाराच्या घरी घ्यायचं माप आणि द्यायचं माप निराळं असल्याच्या कथा विदर्भात कुठंही ऐकायला मिळतात. जुनी पायली सापडली तर तिच्यात पाणी भरून ते लिटरच्या मापानं मोजावं. एका दुपारचं काम. चार गावांच्या पायल्या मोजल्या तर जुन्या बाजारपेठांचा नकाशा तयार होईल. कापसात जुनं माप अजून जिवंत आहे. रुईचा भाव आजही खंडीत बोलला जातो आणि खंडी म्हणजे 784 पौंड, साधारण 356 किलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 मध्ये लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला, त्या काळचं हे माप. घरातला हातरेचा, ज्यावर बायका सरकी काढायच्या, त्याच सुमाराला जिनिंगच्या यंत्रांपुढे माळ्यावर गेला.

1972 हे वर्ष या घरांत दोन प्रकारच्या वस्तू ठेवून गेलं. दुष्काळ होता, खडी फोडायची कामं होती, सुकडी आणि मिलो ज्वारी होती. त्या कामांवरच्या बायकांचे फोटो माहिती खात्याच्या संग्रहांत आहेत आणि पुन्हा तेच, नावं नाहीत. त्याच वर्षी राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, गहुलीचे, पुसदच्या मातीतले. 1963 ते 1975 इतका सलग काळ महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर दुसरं कोणी राहिलेलं नाही. कापसाच्या पावत्या, चुकाऱ्याचे कागद, रेशनकार्डं अजून पेट्यांत आहेत. त्यांना इतिहास म्हणायची आपल्याला सवय नाही. पण वसंतरावांचा भिंतीवरचा फोटो आणि पेटीतली चुकाऱ्याची पावती एकत्र वाचल्याशिवाय त्या बारा वर्षांबद्दल बोलणं अपुरंच राहील.

घरचे फोटोही वाचता येतात. दातेरी कडा असलेला छोटा काळापांढरा फोटो बहुधा विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतला. चौकोनी, म्हणजे चारी बाजू सारख्या असलेला, ॲग्फा क्लिक थ्रीसारख्या भारतात बनलेल्या साध्या कॅमेऱ्याचा असू शकतो; एका रोलवर बारा फोटो. मनगटावर एचएमटी असेल तर फोटो 1961 नंतरचा, कारण पहिली एचएमटी घड्याळं त्या साली बाजारात आली. रंगीत फोटो लालसर झालेला असेल तर तो बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकातला. मात्र स्टुडिओतल्या फोटोत जपून राहावं: कोट स्टुडिओचा, घड्याळ कधी शेजाऱ्याचं, मागचा बगिचा रंगवलेला. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण कसं दिसावं हे पहिल्यांदाच त्यांच्या हातात आलं होतं. रसेलच्या पुस्तकातल्या बायकांना ते मिळालं नव्हतं.

आणि नावांचा शोध घेताना मला सर्वांत भरवशाची वाटते ती लग्नातली भांडी. पितळी घागर, गंगाळ, परात, पुढं स्टीलचे डबे. कोणी दिलं, कोणाला दिलं, कुठल्या लग्नात, तारीख, गाव, हे सगळं कोरलेलं. ज्या बाईचं नाव सात-बारावर नाही, फोटोखाली नाही, तिचं नाव परातीच्या कडेवर असतं, बहुधा माहेरच्यांनी घातलेलं. एका गावातल्या भांड्यांवरची नावं आणि तारखा वहीत उतरवल्या तर शंभर वर्षांच्या सोयरिकींचा तक्ता हाती येईल, आणि तो पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला असेल. मोडीत जाणारी पितळी भांडी वितळवली जातात. म्हणून हे काम आधी व्हायला हवं.

वस्तू जपण्याची परंपरा मराठीत नवी नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या माणसानं, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावानं दिवे, अडकित्ते, वजऱ्या, फण्या, दौती गोळा केल्या आणि वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह राज्याला दिला. आपल्या भागात वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. कंबर्लेजच्या टिपणीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी समाजाची वस्त्रं, वाद्यं, माणसं समाजाच्याच तीर्थक्षेत्री, त्यांच्याच नजरेनं मांडली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण संग्रहालयात जाणारी कांचळी एक. तांड्यातल्या बाकीच्या पेट्या तिथंच राहणार. त्यांची नोंद घरोघर, शाळेतल्या पोरापोरींनी केली तरच होईल.

त्यासाठी लागतं थोडंच. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीनं, काठाला, हलक्या हातानं लिहावं. बॉलपेनची शाई समोर उमटते. डावीकडून उजवीकडे नावं, नातं, गाव किंवा तांडा, अंदाजे साल, आणि हे कोणी सांगितलं त्याचं नाव. चिकट पानांचे अल्बम फोटो खातात, त्यांतून फोटो काढून साध्या कागदी पाकिटांत ठेवावेत. जमिनीवर नाही, पत्र्याखाली नाही. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकटच त्याचा फोटो घ्यावा. नाणी-दागिने घासून चकचकीत करू नयेत. बंजारा, गोंडी, कोलामी नावं ज्या उच्चारात सांगितली त्याच उच्चारात लिहावीत, आणि मोबाइलवर आवाज नोंदवावा. मोडी दस्त वाचायला अडला तर नागपूरला विदर्भ अभिलेखागार आहे, शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचं. महसुलाचे जुने कागदही तिथं मागता येतात. 1853 पूर्वीचा धागा हवा असेल तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात फारसी दप्तरं आहेत. सुरुवात मात्र घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपासून करावी, कारण फोटोतल्या दुसऱ्या ओळीतली तिसरी कोण, हे दोन्ही अभिलेखागारांना ठाऊक नाही आणि तिला आहे.